एकतीस खटके

डोळे मिट. घट्ट मिट, फटीतून बघायचं नाही.

आता समज, तुझ्यापुढे कमरेइतक्या उंच लोखंडी स्टँडवर एक पेटी ठेवली आहे. जेवायला बसायचा पाट असतो ना, साधारण तेवढी. हात पुढे कर. बोटांना रबराचे चौकोन लागतील. वरच्या ओळीत तीन, मधल्या ओळीत तीन, खाली तीन. चौकोनावर काठी मारली की आवाज निघतो. नऊ चौकोनांचे नऊ वेगळे आवाज. पेटीच्या उजव्या कोपऱ्यात सुपारीएवढं एक गोल बटण आहे. ते फिरवलं की बोटाला बारीकसा खटका लागतो, आणि त्या एका खटक्यासरशी नऊच्या नऊ आवाज बदलतात. आत्ता तबला होता, एक खटका, आता ढोल. आणखी एक, आता विजांचा कडकडाट. अशी शंभर घरं त्या पेटीत आहेत. आपण कितव्या घरात आहोत त्याचा आकडा पेटीवरच्या छोट्या पडद्यावर दिसतो.

पण तुझे डोळे मिटलेले आहेत. समोर पाचशे माणसं बसली आहेत. मागे बारा मुली लेझीम उचलून उभ्या आहेत, आणि तुझी काठी पडल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलणार नाही. सांग बघू, तू कितव्या घरात आहेस?

डोळे तसेच राहू देत. सानिका मगदूम अशीच उभी होती. बारा वर्षांची होती, आणि डोळे उघडूनही तिला तो आकडा दिसणार नव्हता.

मी सांगलीला मुलींच्या अंधशाळेत बावीस वर्षं संगीत शिकवलं. गाणं, हार्मोनियम, तबला. पण नवी मुलगी शाळेत आली की तिला पहिला धडा सुराचा नसायचा. मी तिचं बोट धरायचो आणि सगळ्या शाळेतून फिरवून आणायचो. हा पाण्याचा माठ. माठाच्या उजवीकडे पेला. हा पेला कायम इथेच असतो. ही तुझी खाट, खाली तुझ्या चपला, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. जिथली वस्तू तिथे. आणि एखादी वस्तू हलवलीच, तर मोठ्यांदा ओरडून सांगायचं.

त्यामुळे आमच्या शाळेत दिवसभर पुकारे चालायचे. "बादली दाराकडे घेतली होऽ!" "बाक भिंतीला लावलाऽ!" पाहुणे हसायचे. पण एकदा आमच्या मुख्याध्यापिका कित्तूरबाईंनी एक खुर्ची न सांगता सरकवली आणि सुवर्णा नावाच्या मुलीचा गुडघा फुटला. त्या दिवशी मी बाईंनासुद्धा चार शब्द ऐकवले होते. बाईंनी ते ऐकूनही घेतले. पुढे त्यासुद्धा ओरडू लागल्या, आणि बाईंचा आवाज असा, की जेवणघरात त्यांनी "ए, गप्प बसा!" म्हटलं की भांडीसुद्धा वाजायची थांबत.

तर एके दिवशी सिकंदर मुलाणी शाळेत आले. ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस. लग्न, बारसं, निवडणूक, कुठलाही कार्यक्रम असो, मुलाणींचं पॅड हवंच. हीच ती पेटी. ते तिला पॅड म्हणायचे. त्यांनी नवं घेतलं होतं आणि जुनं आम्हाला द्यायला आणलं होतं.

"सर, तबला म्हणजे तबला, ढोल म्हणजे ढोल," ते मला म्हणाले, "पण ह्यात काय बी भरता येतंय. माईक लावायचा, आवाज भरायचा, काठीनं वाजवायचा. म्हशीचं हंबरणं भरा, म्हैस तालात हंबरतीय."

मुली खिदळल्या. कित्तूरबाई मात्र पेटीवरचा पडदा बघत होत्या.

"मुलाणी, उपकार आहेत तुमचे," त्या म्हणाल्या, "पण सगळं ह्या पडद्यावर आहे. आमच्या मुलींना ते वाचून दाखवायला एक डोळस माणूस कायम शेजारी उभा करायचा? मग वाजवणार ती, का तो?"

मुलाणींनी डोकं खाजवलं. "ते बी खरं हाय. आमच्या इथल्या हायस्कूलची पोरं मागालीत कवापासनं. वापरणारा पाहिजे बघा. कपाटात ठेवायला मी देणार न्हाई."

"मी वापरतो," मागून आवाज आला.

आमच्याकडच्या मुली 'जातो', 'करतो' असंच बोलतात. ही सानिका. शिरोळकडची, जन्मापासून दृष्टी नसलेली, हाडानं काटकुळी. तबला बरा वाजवायची, पण तिचा खरा छंद वेगळा होता. ती सगळीकडे टिचक्या मारत फिरायची. खांबाला, डब्याला, मैत्रिणींच्या डोक्याला. कुठला खांब आतून पोकळ आहे हे शाळेत फक्त तिला माहीत होतं.

"आणि आकडा कोण बघणार?" बाईंनी विचारलं.

"बघायचा कशाला? मोजायचा."

"शंभर घरं आहेत, सानिका."

"जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत बाई. तुम्ही बघून चढता, आम्ही मोजून चढतो. वर दोघं पण पोचतो की."

मुलाणी मांडीवर थाप मारून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या. आपल्या मुलीचं चारचौघांत हसं होऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनीच अट घातली. दीड महिन्यानं गावातल्या नाट्यगृहात सगळ्या शाळांचं मिळून संमेलन होतं. तिथे आमच्या मुलींच्या लेझमीला सानिकानं ह्या पॅडवर साथ करायची. एकटीनं. डोळस माणूस शेजारी उभा राहिला, किंवा कुणी आकडा सांगितला, तर पॅड हायस्कूलच्या मुलांना.

"चालेल?" बाईंनी विचारलं.

"चालेल," सानिका म्हणाली. "पण मग कुणी म्हणजे कुणीच सांगायचं नाही. सरांनी पण."

आम्ही कामाला लागलो. पहिल्या आठवड्यात मुलाणींनी शक्कल काढली, बटणावर कपाळाला लावायची टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला खूण लागेल. पण ते बटण गरागरा कितीही फिरायचं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. शंभरानंतर पुन्हा एक. टिकली एकदा वर असली तरी घर पहिलं असू शकतं, नाहीतर एकसष्टावं. सानिकानं ती नखानं काढली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

"सर, हे बटण सांगत नाही आपण कुठं आहोत," ती म्हणाली. "फक्त किती पावलं चाललो ते सांगतंय. म्हणजे निघताना नक्की कुठून निघालो ते ठाऊक पाहिजे."

पेटी बंद करून पुन्हा चालू केली की ज्या घरात सोडली होती त्याच घरात उघडायची. म्हणून सानिकानं नियम केला. वाजवून झालं की बटण फिरवून पहिल्या घरात आणायचं, मगच पेटी बंद करायची. चालू केली की पहिलं घर. तिथून मोजायचं. जिथली वस्तू तिथे.

पहिली एकतीस घरं भरलेली होती. बत्तिसावं मोकळं होतं, ते तिनं आपलं केलं. मुलाणींनी स्वतःचे आवाज साठाच्या पुढे भरून ठेवले होते. ऑर्केस्ट्रातल्या विनोदी नकलांना लागणारे कोंबडे, गाढवं, पोलिसांची शिट्टी. "ते राहू द्या तसंच," ती म्हणाली, "मी तिकडं जात नाही."

बत्तिसाव्या घरात तिनं काय भरलं म्हणशील? आधी शाळेची घंटा. मग ब्रेलच्या पाटीवर टोचणीची टकटक, कारण ती आम्हा सगळ्यांच्या कानात दिवसभर असायची. पांढरी काठी फरशीवर पडते तो आवाज. हातपंपाचा दांडा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर तळव्याची थाप, ती ढोलासारखी घुमायची. वेताच्या खुर्च्या विणताना पट्टी ओढली की येणारी सर्रर्र. लोखंडी खाटेचं कुरकुरणं. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात रखमाक्का भाकरी थापायच्या तो आवाज.

भाकरीनं तिला रडवलं. पाच दिवस ती माईक घेऊन चुलीपाशी बसली.

"अगं ए पोरी, माझ्या पिठात तुझी वायर पडली की!" रखमाक्का कावल्या.

"आणखी एकदा थापा की आक्का."

"किती थापू? तुझ्यापायी पोळपाटाला खड्डा पडायचा!"

थाप भरली जायची, पण काठी मारल्यावर आवाज कणभर उशिरा यायचा. आवाजाच्या आधी जी रिकामी जागा भरली गेली होती, ती कापावी लागते. मुलाणी ती पडद्यावरची रेघ बघून कापायचे. सानिकानं बटणांचा क्रम पाठ केला, दोनदा खाली, एकदा दाब, तीनदा उजवीकडे. मग कानानं ऐकत कणाकणानं कापायची. जास्त कापलं की थापेचं तोंडच उडून जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा म्हटलं, "सानिका, मी कापून देतो, पडद्यावर दिसतंय मला." दोन्ही वेळा तिनं मानेनंच नाही म्हटलं. पाचव्या दिवशी जेवणाच्या आधी काठी पडली आणि भाकरी तिथल्या तिथे, बरोब्बर तालावर थापली गेली. रखमाक्का आतून ओरडल्या, "कोण माझी भाकरी थापालंय?"

"आठ झाले," मी म्हटलं. "नववा चौकोन?"

"तो अजून मोकळा आहे सर. बघू."

लेझीमवाल्या बारा जणींची म्होरकी सुवर्णा होती, तीच गुडघ्यावर व्रण असलेली. तिला सानिकाची खोडी काढल्याशिवाय करमायचं नाही.

"सानिके, स्टेजवर मोजताना शिंक आली तर गं?"

"शिंक आली तर शिंक पण मोजतो. तू तुझं पाऊल बघ."

"पाऊल बघायला मला दिसतंय व्हय!"

दोघी फिदीफिदी हसायच्या. पण तालीम सुरू झाली की बाराजणी श्वास धरून घंटेची वाट बघायच्या. त्यांना इशारा दिसणार नव्हता. घंटा झाली की उजवं पाऊल पुढे, एवढंच ठरलेलं होतं. दीड महिन्यात सानिकानं बटणाचे एकतीस खटके किती वेळा मोजले असतील, मला सांगता यायचं नाही. एकदाही चुकली नाही.

संमेलनाचा दिवस उजाडला. मुली नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात पोहे खात होत्या. मंचावर पॅड मांडायचं काम मी घेतलं. स्टँड लावला, वायरी जोडल्या, मोठ्या स्पीकरवर आवाज तपासला, पेटी बंद केली आणि विंगेत येऊन उभा राहिलो.

अकराच्या सुमाराला आमचं नाव पुकारलं. समोर पाचशेच्या वर माणसं. पहिल्या रांगेत कित्तूरबाई, त्यांच्या शेजारी मुलाणी, मागे हायस्कूलची मुलं, तीच ती, पॅड मागणारी. बाराजणी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं आल्या, अंतर घेतलं, लेझमी उचलल्या. सानिका पांढऱ्या काठीनं अंदाज घेत पेटीपाशी आली. तिनं कपाळाला ती टिकली लावली होती. बोटांनी नऊ चौकोन चाचपले. पेटी चालू केली. मग उजवा हात बटणावर गेला आणि तिचे ओठ हलू लागले.

एक, दोन, तीन.

मी विंगेतून तिच्या ओठांकडे बघत होतो. ती मोजत होती. तिथून ओरडावं तर पॅड गेलं. न ओरडावं तर काय होणार ते मला दिसत होतं. माझा विचार होईपर्यंत तिचे ओठ थांबले. एकतीस. तिनं काठी उचलली आणि डावीकडच्या वरच्या चौकोनावर, घंटेवर मारली.

कोंबडा आरवला.

मोठ्या स्पीकरमधून, सगळ्या नाट्यगृहात. कुकूऽऽचकू! क्षणभर शांतता, आणि मग हसण्याचा लोंढा आला. हायस्कूलची मुलं बाकांवर उभी राहिली. एकानं आरवून उत्तर दिलं, मग चौघांनी. मागे बाराजणींची उजवी पावलं हवेत अर्धवट उचललेली, ना पुढे ना मागे. सुवर्णाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलाणी तर अर्धे उठलेच. ते कोंबड्याचं घर त्यांचंच होतं, आकडा त्यांच्या जिभेवर होता. बाईंनी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं.

चूक सानिकाची नव्हती. तुला सांगायलाच हवं. चूक माझी होती.

सकाळी आवाज तपासताना मी बटण फिरवून बत्तिसाव्या घरात गेलो होतो. घंटा वाजवून बघितली, छान खणखणीत. आता परत एकवर नेणार, तेवढ्यात मनात आलं, एवढीशी पोर, एवढी माणसं, हात थरथरेल, एखादा खटका सुटेल. त्यापेक्षा इथेच राहू दे. तिला मोजावंच लागणार नाही. सांगितलं असतं तर तिनं मला फटकारून पुन्हा एकवर नेलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पेटी बत्तीसवर ठेवून बंद केली आणि स्वतःवर खूश होऊन विंगेत आलो.

बावीस वर्षं मी त्या शाळेत होतो. त्या बावीस वर्षांत, न सांगता वस्तू हलवू नये हे मी किती मुलींना शिकवलं असेन! आणि तरी पेटी चालू झाली की पडद्यावरचा बत्तीस आकडा तिला दिसेल, असंच मी धरून चाललो होतो. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, तिचे ओठ हलेपर्यंत.

बत्तीसवरून एकतीस खटके पुढे. त्रेसष्ट. मुलाणींचा कोंबडा.

मला राहवलं नाही. मी विंगेतून एक पाऊल मंचावर टाकलं. माझ्या जुन्या वहाणा लाकडी फळीवर करकरल्या. सानिकाला ते ऐकू गेलं. त्या गोंधळात, पाचशे माणसांच्या हसण्यात, तिनं माझी वहाण ओळखली. मान न वळवता तिनं काठी असलेला हात माझ्या दिशेनं वर केला. तिथेच थांबा. मी थांबलो.

ती काही वेळ तशीच उभी राहिली. किती वेळ, म्हणशील तर दहा-बारा श्वासांइतका. तिची मान किंचित तिरकी झाली होती, खांब पोकळ आहे का भरीव हे ऐकताना व्हायची तशी. मग तिचा हात पुन्हा बटणावर गेला, आणि तिनं ते उलट्या दिशेनं फिरवायला सुरुवात केली.

तिचे ओठ हलत होते. आता मीही मोजत होतो. पहिल्या रांगेत मुलाणीही मोजत होते, त्यांची बोटं मांडीवर पडत होती. हसणं चालूच होतं, कुणीतरी शिट्टी घातली. अठ्ठावीस, एकोणतीस. तिनं घाई केली नाही. तीस. एकतीस. आणि ती थांबली. पहिल्या घरापर्यंत गेली नाही, तिथेच थांबली.

काठी उचलली. पण घंटेवर मारली नाही. उजवीकडच्या सगळ्यात खालच्या चौकोनावर मारली, नवव्या, त्या मोकळ्या चौकोनावर.

"ए, गप्प बसा!"

कित्तूरबाई. साक्षात कित्तूरबाई, जेवणघरातल्या, दहापट मोठ्या आवाजात. सगळं नाट्यगृह गपकन थांबलं. हायस्कूलची मुलं धपाधप खाली बसली. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे ताठ झाले. खऱ्या कित्तूरबाई तोंडावर हात ठेवून आपण बोललो की काय अशा स्वतःकडेच बघू लागल्या. आणि मागे बाराजणींच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी हसू फुटलं, कारण त्यांना कळलं होतं, आपण घरी आलो.

त्या शांततेत सानिकानं घंटा वाजवली. बारा उजवी पावलं पुढे पडली.

ती लेझीम कशी झाली ते मी तुला सांगत बसत नाही. टोचणीनं ताल धरला, घागरीनं ठेका दिला, पंपाच्या दांड्यावर मुली वाकल्या, भाकरीच्या थापेवर उठल्या. मुलाणी पहिल्या रांगेत उभं राहून दोन्ही हातांनी हवेत वाजवत होते. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा "आयला, पोरगीनं घर बांधलं की!" असं ते कुणालातरी सांगत होते, आणि तो कुणीतरी म्हणजे कित्तूरबाई होत्या.

पडदा पडल्यावर बाई मागे आल्या. सानिकापुढे उभ्या राहिल्या.

"माझा आवाज कधी चोरलास?"

"मागच्या गुरुवारी बाई. आमटी सांडली तेव्हा."

तिच्या कपाळाची टिकली तिरपी झाली होती, ती बाईंनी सरळ केली आणि मुलाणींकडे वळून म्हणाल्या, "हायस्कूलच्या मुलांना दुसरं काहीतरी द्या."

सगळे गेल्यावर मी सानिकापाशी गेलो. ती पेटीवर कापड घालायच्या तयारीत होती.

"सानिका, बटण मी हलवलं होतं."

"ठाऊक आहे सर."

"कसं?"

"मोजण्यात माझी चूक नव्हती. मग निघताना मी पहिल्या घरात नव्हतो. म्हणजे पेटीला कुणीतरी हात लावला. सकाळी इथं कोण होतं? तुम्हीच होता. आता तुम्ही बटण फिरवलं तर कुठं नेऊन ठेवणार? कोंबड्याच्या घरात थोडंच ठेवणार! माझ्याच घरात ठेवणार." तिनं खांदे उडवले. "म्हणून जेवढं पुढं आलो तेवढं मागं गेलो."



"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी सांगायला हवं होतं."

तिनं त्यावर 'असू दे सर' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ती नाही म्हणाली. तिनं हात पुढे करून माझा हात शोधला. माझं बोट धरलं, जसं मी नव्या मुलीचं धरायचो तसं, आणि ते नेऊन त्या गोल बटणावर ठेवलं.

"हे बटण," ती सावकाश, समजावून सांगत म्हणाली. "हे कायम पहिल्या घरात असतं. हलवलं तर ओरडून सांगायचं. कळलं?"

"कळलं."

"मग आता डोळे मिटा."

मी मिटले. माझ्या बोटावर तिचं बोट होतं. तिनं बटण एकतीस खटके मागे फिरवून पहिल्या घरात आणलं. एकेक खटका माझ्या बोटात शिरत होता. मग तिनं आपलं बोट काढून घेतलं, काठी माझ्या डाव्या हातात दिली आणि म्हणाली, "आता तुम्ही मला माझ्या घरी न्या. बघायचं नाही."

मी पहिला खटका फिरवला. आणि सानिका माझ्या शेजारी, मान किंचित तिरकी करून, मोठ्यांदा मोजू लागली.